तिरका गेलेला हत्ती

ओसिपोवनं हत्ती उचलला आणि तिरका नेऊन ठेवला.

सरळ नव्हे, तिरका. उंट जातो तसा. रशियाचा ग्रँडमास्टर, ज्याचं नाव ऐकून भले भले खेळाडू आदल्या दिवशी जेवत नाहीत म्हणत, त्या माणसानं आमच्या सावंतवाडीत, तळ्याकाठच्या हॉलमध्ये, गच्च भरलेल्या लोकांसमोर हत्ती तिरका चालवला. आणि चालवून शांतपणे चष्मा पुसायला घेतला.

हॉलमध्ये टाचणी पडली असती तर तिलाच दचकायला झालं असतं. मग मागच्या बाकावरून तात्या खानोलीकर ओरडला, "गे बाये! हत्ती तिरको गेलो!"

पंचाच्या खुर्चीवर वकील भाऊसाहेब मणेरीकर होते. त्यांनी टेबलावरची घंटा अशी हाणली की तळ्यातली बदकं उडाली. तळ्यात बदकं नाहीत असं कुणी म्हणेल. त्या दिवशी होती.

"थांबा!" वकील म्हणाले. "हे होणारच होतं. मी सांगत होतो. ही खेळणी आहेत, सोंगट्या नव्हेत. पट बदला!"

मी भिंतीला टेकून उभा होतो, तो भिंत सोडून पुढं झालो. कारण त्या सोंगट्या माझ्या होत्या. आणि पट बदलला असता तर पटाबरोबर माझं होऊ घातलेलं लग्नही गेलं असतं.

आता हे लग्न मध्येच कुठून आलं, ते सांगायला हवं.

मी बाबुली चितारी. चितार आळीत आमचं दुकान. लाकडाची फळं, भाज्या, बाहुल्या, पाट; लाखेचा रंग आणि केवड्याच्या पानानं आणलेली चमक. माझ्या हाताची केळी एवढी हुबेहूब की एकदा एका माकडानं अख्खा घड पळवला. दुसऱ्या दिवशी परत आणून दारात टाकला, आणि माझ्याकडे असं बघून गेलं की आजही आठवलं तरी मला ओशाळल्यासारखं होतं.

वकिलांची मुलगी कालिंदी पुण्याला रशियन भाषा शिकून आली होती. वाडीत रशियन शिकून काय करणार, हे तिला विचारायची कुणाची छाती नव्हती. येताना तिनं एक रशियन बाहुली आणली. पोटात बाहुली, तिच्या पोटात बाहुली, अशी. ती घेऊन दुकानात आली आणि म्हणाली, "अशी जमेल?"

"जमेल म्हणजे? मी हिच्या पोटात वाडीची अख्खी आळी बसवीन."

"आळी नको. नुसती बाहुली जमली तरी पुरे."

पांगाऱ्याचं लाकूड, पातळ काम, झाकण घट्टही बसलं पाहिजे आणि अडकायलाही नको. पहिली चिरली, दुसरी उघडेना. दर वेळी कालिंदी बघायला यायची, दर वेळी मी नवी गजाल रचून सांगायचो, आणि ती दर वेळी म्हणायची, "खोटं." पण ऐकून जायची. खरं सांगायचं तर तिसरी बाहुली बरोबर जमली होती. मी ती लपवून ठेवली आणि आणखी पाच मुद्दाम बिघडवल्या.

वाडीत अशी गोष्ट लपते होय? वकिलांच्या कानावर गेली. ते स्वतः दुकानात आले. बसायला पाट दिला तर त्यावर बसले नाहीत. पाटावरचं चित्र खराब होईल म्हणाले. माणूस वाईट नव्हता हो. पण बुद्धिबळाचं वेड असं की माणसांचीसुद्धा किंमत प्याद्यात करायचे.

त्याच आठवड्यात दोन ग्रँडमास्टर वाडीत यायचे होते. गोव्याला कुठली तरी स्पर्धा होती, ती संपवून परत जाताना आमच्याकडे मैत्रीचा एक सामना. एक हा ओसिपोव, आडवा, लालबुंद. दुसरा हंगेरीचा बारोती, उभा, पिवळट, सतत नखं खाणारा. नगराध्यक्षांची इच्छा होती की सामना वाडीच्या लाकडी सोंगट्यांवर व्हावा, म्हणजे वर्तमानपत्रात फोटो चांगले येतील. सोंगट्या मी केल्या होत्या. लाल आणि हिरव्या. राजाला छत्री, वजिराला पगडी, उंटाच्या गळ्यात घुंगूर, आणि हत्ती! हत्तीची सोंड वर, पाठीवर अंबारी, डोळ्यांत एक जरा आगाऊ भाव. तो मी नाही घातला, तो लाकडातच होता.

"यावर ग्रँडमास्टर खेळणार?" वकील म्हणाले. "चार चालींत सोंगट्या बाजूला सारतील आणि साधा पट मागतील."

"डाव संपेपर्यंत खेळतील," मी म्हणालो.

"लावतोस पैज?"

"लावतो. कशाची?"

वकिलांनी इकडे तिकडे पाहिलं. आळीतली माणसं जमलीच होती. आमच्याकडे दोन माणसं जरा मोठ्यानं बोलली की तिसरा येतो आणि चौथ्याला हाक मारतो. वकील म्हणाले, "तुला काय हवंय ते मला माहीत आहे. तर ऐक. तुझ्या या खेळण्यांवर डाव पुरा होऊन दोघांतला एक जिंकला, तर मुलगी तुझी. आणि मध्येच पट बदलावा लागला, तर माझ्या घराची पायरी चढायची नाही. तिनंही या दुकानाची चढायची नाही. कबूल?"

"कबूल!" मी म्हणालो. एवढ्या जोरात की शेजारच्या दुकानातलं लाकडी कलिंगड गडगडलं.

तर अशी ती पैज. आणि इथं ओसिपोवनं हत्ती तिरका चालवलेला, आणि वकील "पट बदला" म्हणून उभे.

ओसिपोवच्या शेजारी दुभाषी म्हणून कालिंदीच बसली होती. वाडीत रशियन येणारं दुसरं कोण? तिनं वकिलांचं म्हणणं त्याला सांगितलं. ओसिपोवनं पटाकडे पाहिलं, हत्तीकडे पाहिलं, आणि कपाळावर हात मारला. मग बरंच काही बोलला. हातवारे करून बोलला. माझ्या हत्तीकडे बोट दाखवून बोलला.

कालिंदी उभी राहिली. साडीचा पदर सारखा केला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ग्रँडमास्टर म्हणतात, चूक माझी आहे. आपण ज्याला उंट म्हणतो, त्याला रशियात हत्ती म्हणतात. लहानपणापासून माझ्या डोक्यात हत्ती म्हणजे तिरका चालणारा. विचाराच्या नादात हात तसा गेला."

"असं होय!" हॉल म्हणाला.

"आणि पुढं म्हणतात," कालिंदी म्हणाली, "इतका देखणा हत्ती मी जन्मात पाहिला नाही. मी याच सोंगट्यांवर खेळणार."

टाळ्या पडल्या. तात्या खानोलीकर माझ्या पाठीत थाप मारून म्हणाला, "बाबुल्या, तुझो हत्ती मॉस्कोक गाजलो रे!" वकील खाली बसले. नियमाप्रमाणे हात लावलेली सोंगटी चालवावीच लागते, म्हणून ओसिपोवनं तोच लाल हत्ती उचलून सरळ दोन घरं पुढं ठेवला. उगाच, बिनकामाचा. बारोती नखं खायचा थांबून पहिल्यांदाच हसला.

पण गंमत अशी, की तो बिनकामाचा हत्ती हळूहळू कामाचा झाला. मला खेळातलं कळत नाही. सोंगट्या घडवणाऱ्याला खेळ यायलाच हवा असं कुठं आहे? पाळणा करणाऱ्याला काय झोप येते? पण माणसांच्या तोंडावरून डाव कळतो. बारोतीची नखं संपून बोटं सुरू झाली होती. मागच्या बाकावरचे जाणकार एकमेकांना कोपरानं ढोसत होते. "हत्ती बघ, हत्ती बघ," एवढंच कुजबुजत होते. मी मनातल्या मनात मुंडावळ्या बांधून घेतल्या.

बारोती विचारात पडला तसा ओसिपोव पाय मोकळे करायला बाहेरच्या व्हरांड्यात गेला. मागोमाग कालिंदी त्याला कोकमाचं सरबत घेऊन गेली. खिडकीतून मला दोघं दिसत होते. ती काहीतरी सांगत होती, तो पेला हातात तसाच धरून ऐकत होता. मध्येच तिनं आत पटाकडे बोट केलं. मग वकिलांकडे. मग माझ्याकडे. मी छाती पुढं काढली. हत्तीचा कारागीर कोण, हे सांगत असणार! ओसिपोव मोठ्यानं हसला, तिला काहीतरी विचारलं, तिनं खांदे उडवले. मग तो खिडकीतून माझ्याकडे बघत राहिला. एखादी नवी सोंगटी पटावर आली, आणि ती कशी चालते हे ठाऊक नाही, तसा.

तो आत आला. बारोतीनं चाल केली होती. करायची म्हणून केलेली, तोंड उतरवून. ओसिपोवचा हात लाल हत्तीच्या वर गेला. तिथंच राहिला. सोंडेला लागला नाही, अंबारीला लागला नाही, नुसता वर तरंगत राहिला. किती वेळ? तात्याची बिडी न ओढता विझली, एवढा वेळ.

मग तो हात पुढं गेला, हत्तीवरून, प्याद्यांवरून, पट ओलांडून, आणि बारोतीसमोर थांबला.

"बरोबरी," कालिंदी म्हणाली. "ग्रँडमास्टर बरोबरी मागताहेत."

बारोतीनं तो हात असा धरला की बुडत्यानं ओंडका धरावा.

हॉलमध्ये गलका झाला. कुणी म्हणे उकाडा बाधला, कुणी म्हणे दुपारच्या माशांच्या तिखल्याचा परिणाम, कुणी म्हणे दोन सरकारांचं आतून ठरलेलं. वकील मात्र पटावर वाकून बघत राहिले होते. जरा वेळानं त्यांच्या लक्षात आलं की डाव संपला, पण पैज नाही.

"म्हणजे," ते माझ्याकडे वळून म्हणाले, "पट बदलला नाही."

"नाही," मी म्हणालो.

"आणि कुणी जिंकलंही नाही."

"नाही."

"मग पैजेचं काय?"

वाडीच्या इतिहासात वकील मणेरीकरांनी दुसऱ्याला कायदा विचारल्याचं हे एकच उदाहरण. त्यांनीच पुढं तोडगा काढला. "पुढल्या वर्षी पुन्हा एखादा सामना ठेवू. तोवर—"

"बाबा," कालिंदी मंचावरून खाली उतरली. "पैज तुम्हा दोघांची. ती बरोबरीत सुटली. आता एका माणसाला विचारायचं राहिलंय."

"कुणाला?"

मागून तात्या ओरडला, "वकीलसायबांनु, तुमच्या चेडवाक इचारा!"

लोक हसले. वकील लाल झाले, मग पांढरे झाले. आणि मी पुढं होऊन, सगळ्या वाडीसमोर, खणखणीत आवाजात म्हणालो, "कालिंदी, तू म्हणशील ते मला मान्य."

तिनं माझ्याकडे पाहिलं, वकिलांकडे पाहिलं, आणि म्हणाली, "आंबे उतरेपर्यंत थांबा. मग सांगते."

निघताना ओसिपोवनं तो लाल हत्ती मागून घेतला. कोटाच्या वरच्या खिशात ठेवला; सोंड बाहेर. बाकीचा पट मी जसाच्या तसा डोक्यावर घेऊन घरी आलो. आळीभर गर्दी, वाटेत दोन कुत्री भांडत होती, तरी एक सोंगटी हलू दिली नाही. काचेच्या कपाटात ठेवला. आणि आंबे उतरल्यावर एका सकाळी कालिंदी दुकानात आली. म्हणाली, "ती तिसरी बाहुली कुठं लपवलीयस ती काढ. आणि हो." त्यातलं कुठलं उत्तर कशाचं, हे समजायला मला थोडा वेळ लागला. आमच्या साखरपुड्यातली एक सुपारी मी हत्तीच्या रिकाम्या घरात ठेवून दिली. गणपती म्हणून सुपारी पुजतो आपण. मग हत्ती म्हणून का नको?

एवढी वर्षं ही गजाल मी अशीच सांगत आलो. शेवट ठरलेला: "तर मंडळी, ओसिपोवला कुणी अडवलं? माझ्या हत्तीनं! एकदा तिरका गेला तो त्याच्या मनात सरळ झालाच नाही. जिंकायची चाल समोर होती, पण हत्तीची सोंड बघून गडी गोंधळला. माझ्या हत्तीनं ग्रँडमास्टरला बरोबरीत अडवलं आणि माझं लग्न जमवलं."

परवा जावई आले. मंदार, बुद्धिबळाचे चांगले खेळाडू. लग्नानंतर पहिल्यांदाच निवांत मुक्कामाला. काचेच्या कपाटासमोर उभे राहिले.

"बाबा, ही सुपारी कसली?"

झालं. मला तेवढंच हवं होतं. मी पहिल्या तिरक्या चालीपासून शेवटपर्यंत रंगवून सांगितलं. मुलगी उठून आत गेली. तिला पाठ आहे. जावई मात्र ऐकतही होते आणि पटाकडे बघतही होते. मी संपवल्यावर म्हणाले, "बाबा, एक विचारू? ही सुपारी म्हणजे लाल हत्ती ना?"

"साक्षात!"

"मग हा सरळ वर शेवटच्या घरात गेला की शह. मध्ये घोडा घालावाच लागेल. हत्तीनं घोडा मारायचा. त्याला उंटाचा जोर आहेच. मात."

"तेच तर! गोंधळला ना तो—"

"नाही, पण तिरक्या चालीनंतर हा हत्ती इथवर आला कसा?"

"कसा म्हणजे? चालत."

"सरळ चालत. त्याला दोन घरांवरून इथं आणायला दोन-तीन चाली तरी लागल्या असतील. तेव्हा गोंधळला नाही. मग शेवटच्या चालीलाच कसा गोंधळेल? हे तर शाळेतल्या पोरालाही दिसेल. त्यानं मुद्दाम सोडलं, बाबा. का सोडलं असेल?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी घसा साफ केला. तिखल्याची थिअरी काढावी की दोन सरकारांची, असा विचार करतोय, तोवर स्वयंपाकघरातून कालिंदी हात पुसत बाहेर आली.

"मी सांगू?" ती जावयांना म्हणाली. "हत्तीनं नाही. मी अडवलं."

"तू?" मी म्हणालो.

"पहिल्यांदा काय झालं ते ऐका, मंदारराव. तो तिरका हत्ती गेला, तेव्हा ओसिपोव म्हणाला होता, ही सर्कशीतली जनावरं माझ्यासमोरून उचला आणि मला साध्या सोंगट्या द्या."

"देखणा हत्ती म्हणाला होता ना?" मी म्हणालो.

"ते मी म्हणाले. त्याला सांगितलं, दुसरा पट वाडीत नाहीच. पट बदलला असता तर माझे बाबा जिंकले असते. ते मला नको होतं."

जावई हसायला लागले. "मग व्हरांड्यात?"

"सरबत घेऊन जाताना पटावर बघितलं, तर हा जिंकत आलेला. म्हणजे आता हे जिंकणार." तिनं माझ्याकडे हनुवटी उडवली. "मग त्याला सगळं सांगितलं. म्हटलं, त्या खुर्चीवर बसलेत ते माझे वडील, तो भिंतीला टेकलाय तो कारागीर, आणि तुमच्या डावावर माझं लग्न पणाला लागलंय. त्यानं विचारलं, बरोबरी झाली तर या कारागिराशी लग्न करशील? मी म्हटलं, मला माहीत नाही. अजून मला कुणी विचारलेलंच नाही. तो हसला. म्हणाला, मग हा डाव माझ्या डावापेक्षा बघण्यासारखा आहे."

मी कपाटाला धरून उभा होतो. गेली एवढी वर्षं मी ज्या हत्तीवर बसून गावभर मिरवत होतो, तो खालून कुणी काढून घेतला होता.

"एवढी वर्षं बोलली नाहीस?"

"तुम्ही इतकं छान सांगता! मध्ये कशाला बोलायचं?"

"पण आई," जावई म्हणाले, "बाबा सगळ्यांसमोर म्हणाले ना, तू म्हणशील ते मान्य. त्यावरच पुढं तुम्ही हो म्हणालात."

कालिंदी वळली. आणि ती मालवणीत आली. वकिलांची मुलगी मालवणीत आली की समजावं, आता सुटका नाही.

"ह्यो काय एक बोलूक नाय हो! खणखणीत आवाज म्हणे! सगळो हॉल हसता, माझे बाबा लाल झालेले, आणि ह्यो आपलो तोंड उघडा टाकून उभो. आयुष्यात पयल्यांदा ह्याका काय सुचूक नाय. पुढे पैज नाय, गजाल नाय, काय नाय. नुसतो माझ्या तोंडाकडे बघत रवलो, मी काय सांगतंय म्हणून." ती थांबली. मग जरा हळू म्हणाली, "त्याच दिसा मनात हो म्हटलंय. आंबे उगाच. जरा थांबूक लावला."

असं म्हणून तिनं काचेचं कपाट उघडलं. ते मी कुणाला उघडू देत नाही. तिनं सुपारी चिमटीत धरली, सरळ वर सरकवली, अगदी शेवटच्या घरापर्यंत, आणि माझ्याकडे बघून म्हणाली,

"शह."

मी तोंड उघडलं. मध्ये घालायला घोडा, उंट, माकड, कलिंगड, काहीतरी सुचायला हवं होतं.

"अगदी असोच," कालिंदी जावयांना म्हणाली. "अगदी असोच उभो होतो त्या दिसा."